रोमचे सूचनापत्रक आणि काठीची होळी

‘देश तसा वेश’ ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो की तिचा अर्धाच अर्थ आपल्या हाती उरला आहे. परक्या ठिकाणी गेल्यावर तिथल्यासारखे कपडे घालावेत, तिथले पदार्थ चाखावेत, एवढ्यावर आपण थांबतो. रोमला गेल्यावर रोमकरांसारखे वागावे, अशा अर्थाची एक म्हण पाश्चात्त्यांतही आहे. तिचे मूळ मात्र कपड्यांत नाही, खाण्यातही नाही. ते उपवासात आहे. चौथ्या शतकात संत मोनिका आपल्या मुलाच्या मागोमाग मिलान शहरी आली. तेथील ख्रिस्तसभा शनिवारी उपवास करत नाही हे पाहून ती गोंधळली. आपण काय करावे? मुलाने, म्हणजे पुढे संत ऑगस्टीन म्हणून जगाला ज्ञात झालेल्या त्या तरुणाने, मिलानचे महागुरू संत अॅम्ब्रोज यांना जाऊन विचारले. त्यांचे उत्तर साधे होते. ते स्वतः रोमला असताना शनिवारी उपवास करीत आणि मिलानला असताना करीत नसत. ज्या ठिकाणी जाल तेथील रीत पाळा, म्हणजे तुमच्यामुळे कोणाचे मन दुखावणार नाही आणि कोणामुळे तुमचेही दुखावणार नाही, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. ऑगस्टीनने हा प्रसंग आपल्या पत्रांत नमूद करून ठेवला आहे.

या म्हणीच्या मुळाशी वेशाचा प्रश्न नाही, हे यावरून ध्यानात येते. दुसऱ्याच्या अंगणात, त्याच्या पवित्र वेळी, पाहुण्याने कसे उभे राहावे, हा तो प्रश्न आहे. मला तो रोममध्ये पडला आणि त्याहून अधिक तीव्रतेने येथे, अक्कलकुव्यात पडला.

मी मूळचा वसईचा. १९९६ साली नोकरीच्या निमित्ताने अक्कलकुव्याला आलो, तेव्हा हा तालुका धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. नोकरी संपली तरी आमचे बिऱ्हाड येथून हलले नाही. गुजरातची हद्द येथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि गावाच्या उत्तरेला सातपुड्याच्या रांगा एकीमागून एक उभ्या आहेत. त्या थेट नर्मदेपर्यंत जातात. दरवर्षी फाल्गुन जवळ आला की वसईहून, मुंबईहून, पुण्याहून आमच्याकडे निरोप येऊ लागतात: ‘यंदा काठीची होळी पाहायला यायचे आहे. काय काय आणू? कसे येऊ?’ काय आणावे आणि कसे यावे, हे सारेच विचारतात. कसे वागावे, हे विचारणारा पाहुणा मला अजून क्वचितच भेटला आहे.

२०१८ साली मी आणि माझी पत्नी एका यात्रेकरूंच्या गटाबरोबर रोमला गेलो. विमानतळावर उतरण्यापूर्वीच आमच्या हाती चार पानांचे एक सूचनापत्रक देण्यात आले होते. आमच्या गटातील एका मावशींनी ते प्रार्थनापुस्तकात घालून ठेवले होते आणि दिवसातून तीनदा काढून त्या वाचत. त्या सूचनांचा मला इतका उपयोग झाला, की रोमला जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांसाठी त्यांतील काही, नंतर बदललेल्या नियमांची भर घालून, येथे देत आहे.

संत पेत्राच्या महामंदिरात जाताना खांदे व गुडघे झाकलेले असावेत. स्त्रियांना हा नियम आहे आणि पुरुषांनाही आहे. अर्ध्या चड्डीतल्या धट्ट्याकट्ट्या माणसांना दारावरून परत पाठवलेले आम्ही पाहिले. उन्हाळ्यात गेलात तर पिशवीत एक ओढणी वा पातळ शाल ठेवावी. महामंदिरात प्रवेश विनामूल्य आहे, पण सुरक्षातपासणीची रांग लांब असते. म्हणून सकाळी लवकर जावे. पोपमहाशयांच्या बुधवारच्या सार्वजनिक भेटीची प्रवेशपत्रिकाही विनामूल्य असते. ती विकत देऊ करणारा कोणी भेटला तर त्याच्यापासून दूर राहावे. सिस्टीन चॅपेलमध्ये छायाचित्र काढण्यास मनाई आहे आणि मौन पाळायचे असते. तेथील पहारेकरी दर थोड्या वेळाने ‘सिलेन्झिओ’ म्हणून बजावतात. पँथिऑन हे प्राचीन देऊळ सातव्या शतकापासून चर्च आहे. २०२३ च्या जुलैपासून तेथे पर्यटकांना तिकीट लागते. कलोसियमचे तिकीट आता नावानिशी मिळते, तेव्हा ओळखपत्र जवळ हवे.

शहरात वावरताना दुकानात शिरल्याबरोबर आधी ‘बोंजोर्नो’ म्हणावे, मग काय हवे ते सांगावे. नमस्काराशिवाय मागणी करणे तेथे उद्धटपणाचे मानतात. बाजारात फळे आपल्या हाताने चाचपू नयेत. विक्रेत्याला सांगावे, तो निवडून देतो. कॉफी उभ्याने प्यायल्यास स्वस्त पडते, टेबलाशी बसून प्यायल्यास महाग. बसचे तिकीट तंबाखूच्या दुकानांत मिळते. साधे तिकीट १०० मिनिटे चालते, मात्र कागदी तिकिटावर बसमध्ये चढल्यावर यंत्राचा शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्का नसलेले तिकीट खिशात असूनही दंड भरावा लागतो. गर्दीच्या बसमध्ये पाकीट पुढच्या खिशात ठेवावे. पाणी विकत घेण्याची गरज नाही, कारण रस्तोरस्ती सुमारे अडीच हजार सार्वजनिक नळ अखंड वाहत असतात. त्यांच्या वाकड्या तोटीमुळे रोमकर त्यांना ‘नासोने’, म्हणजे मोठे नाक, म्हणतात. अडचणीच्या वेळी ११२ हा क्रमांक फिरवावा. त्रेवीच्या कारंज्यात नाणे टाकावे, पाय टाकू नयेत. ती नाणी ‘कारितास’ या संस्थेमार्फत गोरगरिबांच्या कामी येतात.

एका सूचनेवर आमच्या गटात बरीच चर्चा झाली. रोममध्ये स्पॅनिश स्टेप्स म्हणून अठराव्या शतकातील एक सुंदर जिना आहे. त्यावर बसून काही खाऊ नये, असे पत्रकात लिहिले होते. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, तेथे नुसते बसण्यासही बंदी झाली आणि चारशे युरोपर्यंत दंड ठरला. जिना बसण्यासाठी नाही तर कशासाठी, असे कोणीतरी म्हणाले. परंतु लक्षावधी पाहुणे जेव्हा एकाच पायरीवर बसतात, तेव्हा यजमानाला त्या पायरीवरून चालता येत नाही, हेही तितकेच खरे. २०२३ च्या जून महिन्यात एका पर्यटकाने कलोसियमच्या भिंतीवर किल्लीने आपले व प्रेयसीचे नाव कोरले. ते चित्रण जगभर पसरले आणि त्याला माफी मागावी लागली. व्हेनिस शहराने तर २०२४ च्या एप्रिलपासून गर्दीच्या दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्या पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेण्यास सुरुवात केली. पाहुणे आपल्या मर्यादा स्वतः ओळखेनासे झाले, की यजमानाला त्या दंडाच्या पावतीवर छापाव्या लागतात.

त्या चार पानांविषयी मी पुष्कळ विचार केला. रोमजवळ पहारेकरी आहेत, पाट्या आहेत, पोलीस आहेत, दंड आहे. सातपुड्यातल्या काठी गावाजवळ यांतले काहीच नाही. तेथे आहे ते केवळ यजमानाचे सौजन्य. म्हणूनच त्या गावाला सूचनापत्रकाची गरज अधिक आहे, आणि ते यजमानाने नव्हे, पाहुण्यांपैकीच कोणीतरी लिहायला हवे. निदान आपल्या वाचकांपुरते ते मी लिहितो.

काठी हे अक्कलकुवा तालुक्यातील, मोलगीच्या परिसरातले गाव. इंग्रजी अमदानीत पश्चिम खानदेशात मेवास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सहा लहान जहागिऱ्या होत्या. चिखली, नाला, नवलपूर, गव्हाळी, सिंगपूर आणि काठी. काठीच्या त्या घराण्याच्या मानाने होणारी होळी म्हणून तिला ‘राजवाडी होळी’ म्हणतात. सातपुड्यात सर्व गावांची होळी एकाच दिवशी होत नाही. गावोगावचे दिवस ठरलेले असतात आणि पंधरवडाभर डोंगरांत ढोल वाजत राहतात. होळीच्या आधी भोंगऱ्याचे बाजार भरतात, नंतर मेळादे होतात. या सर्वांत काठीच्या होळीचा मान मोठा. तिला महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेश या तिन्ही राज्यांतून हजारो माणसे येतात.

या होळीचा दांडा म्हणजे एक उंच, सरळ बांबू. तो गुजरातेतील जंगलातून माणसे पायी घेऊन येतात. ज्या खड्ड्यात तो उभा करायचा, तो खड्डा कुदळ-फावडे न वापरता हातांनी उकरतात. फाल्गुनी पौर्णिमेची सबंध रात्र नाचण्यात सरते. मोठमोठे ढोल, बासऱ्या, घुंगरांचा नाद, आणि वर्तुळाकार फिरणाऱ्या नाचणाऱ्यांच्या रांगा. होळी पेटते ती पहाटे. या रात्री बावा आणि बुध्या झालेले पुरुष दिसतात. त्यांच्या अंगावर राखेची नक्षी असते, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप असतो, कमरेला घुंगरे आणि वाळलेले भोपळे बांधलेले असतात. वृत्तपत्रांत ज्यांची रंगीत छायाचित्रे येतात ते हेच.

छायाचित्रात जे येत नाही ते असे. ही माणसे वेश घेऊन नटलेली नसतात, ती व्रतस्थ असतात. त्यांनी नवस केलेला असतो: मूल व्हावे, आजार जावा, शेत पिकावे. या व्रताला येथे ‘पालनी’ म्हणतात. पालनीच्या दिवसांत खाटेवर झोपायचे नाही, पायांत काही घालायचे नाही, स्त्रीचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, असे कडक नियम असतात. गावागणिक त्यांत थोडाफार फरक पडतो. चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळणाऱ्या, वेलंकनीला पायी जाण्याचा नवस बोलणाऱ्या आपल्या घरांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

आणखी एक गोष्ट. पाऊस सरला, की या डोंगरांतली असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी व इतर मजुरीसाठी गुजरातेत उतरतात. घराला काटे लावून, म्हाताऱ्यांना मागे ठेवून ती जातात. होळी हा त्यांच्या परतीचा सण असतो. महिनोन्‌महिने पांगलेले भाऊ, बहिणी, सुना, नातवंडे या रात्री एकमेकांना भेटतात. ज्या रात्रीला आपण एक रंगीत लोकोत्सव समजून जातो, ती त्यांच्या घरातली नाताळची रात्र असते.

आता सूचना. प्रथम व्यवहाराच्या.

सुरत–भुसावळ लोहमार्गावरील नंदुरबार हे जवळचे मोठे स्टेशन. तेथून तळोद्यामार्गे एस.टी.ने किंवा खासगी गाडीने अक्कलकुव्यास यावे. अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाताना देवगोईचा घाट लागतो. वळणे पुष्कळ आहेत, आणि होळीच्या दिवशी माणसांनी भरलेल्या जिपांची गर्दी असते, म्हणून उजेडातच घाट चढून जावे. पेट्रोल अक्कलकुव्यातच भरून घ्यावे. रोख पैसे, तेही सुटे, जवळ ठेवावेत. डोंगरात मोबाइलची रेंज कधी असते, कधी नसते. तेव्हा गर्दीत चुकामूक झाल्यास कोठे भेटायचे ते आधी ठरवावे. काठीत राहण्याची हॉटेले नाहीत. रात्र उघड्यावर जागूनच काढायची असते. दिवसा ऊन कडक असले तरी पहाटे डोंगरातला गारठा बोचतो. एक शाल किंवा स्वेटर अवश्य घ्यावा. नाचणाऱ्यांच्या पायांनी धुरळा उडतो, म्हणून दम्याचा त्रास असणाऱ्यांनी औषध व तोंडाला बांधायला रुमाल आणावा. काही दुखले-खुपले तर मोलगीला ग्रामीण रुग्णालय आहे.

पाणी आपले आपण न्यावे, आणि भरपूर न्यावे. रोममध्ये नळ अखंड वाहतात. सातपुड्यात फाल्गुनात पुष्कळ पाड्यांवर स्त्रिया झऱ्याच्या खड्ड्यात साचलेले पाणी वाटीने भरून, डोक्यावर वाहून आणतात. तेथे कोणी तांब्या पुढे केला तर तो नाकारू नये, पण त्यातले घोटभर घ्यावे. हातपाय धुण्यासाठी त्या हंड्याकडे पाहू नये. रिकाम्या बाटल्या आपल्याच पिशवीतून परत आणाव्यात.

आता वागण्याच्या सूचना.

व्रतस्थ माणसाला स्पर्श करू नये. स्त्रियांनी तर विशेष काळजी घ्यावी, कारण तुमच्या सहज लागलेल्या हाताने त्याच्या कित्येक दिवसांच्या नियमाला बाध येऊ शकतो. त्याच्या खांद्यावर हात टाकून छायाचित्र काढून घेणे म्हणजे वेदीवर चढून धर्मगुरूच्या गळ्यात हात घालण्यासारखे आहे. छायाचित्र काढायचेच असेल तर आधी विचारावे. मान हलली तर काढावे, नजर वळली तर कॅमेरा खाली घ्यावा. अंधारात तोंडावर झोत टाकू नये. नाचणाऱ्यांच्या रांगेत मधूनच घुसू नये, आणि ‘पुन्हा एकदा करून दाखवा’ असे तर मुळीच म्हणू नये. मुलांना चॉकलेट वा नोटा दाखवून नाचायला लावू नये. स्त्रियांच्या अंगावरील चांदीचे दागिने हातात धरून त्यांची किंमत विचारू नये.

कोणाच्या घरी गेलात तर अंगणातूनच हाक द्यावी. पाहुण्याला खाट टाकून देण्याची येथे रीत आहे आणि घरधनी स्वतः खाली बसतो. संकोच न करता त्या खाटेवर बसावे. तो त्यांनी दिलेला मान आहे. आतल्या खोलीत धान्याच्या कणग्या असतात, घरचे देव असतात. बोलावल्यावाचून तेथे डोकावू नये. ज्वारीची किंवा मक्याची भाकर, उडदाची डाळ, मिरचीची चटणी समोर आली तर आनंदाने खावी. प्रभू येशूने आपल्या बहात्तर शिष्यांना गावोगावी पाठवताना, समोर जे वाढले जाईल ते खावे, असे सांगितले होते. प्रवाशाला याहून जुना आणि याहून सोपा शिष्टाचार मला माहीत नाही.

मोहाच्या दारूविषयी दोन शब्द. येथे ती देवकार्यात लागते. धार जमिनीवर सोडल्यावाचून विधी पुरा होत नाही. कोणी देऊ केली आणि तुम्हाला नको असेल, तर हात जोडून नको म्हणावे; कोणी रागावत नाही. परंतु शहरातून बाटल्या घेऊन येऊन तेथे गोंधळ घालू नये, आणि सारेच आदिवासी पितात असे गृहीत धरून थट्टा तर करूच नये. शेजारच्या तळोदे तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात हजारो भिल्ल कुटुंबांना दारू सोडायला लावली. कोणालाही ‘अरे-तुरे’ न म्हणता प्रत्येकाला ‘आप’ म्हणावे, अशी त्यांची शिकवण होती. १९३८ साली ते निवर्तले, पण ‘आप की जय’ हे अभिवादन या भागात अजूनही ऐकू येते. ज्या लोकांनी परस्परांना ‘आप’ म्हणण्याची चळवळ केली, त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांना शहरातला विशीतला मुलगा ‘ए बाबा, इकडे बघ’ म्हणून हाकारतो तेव्हा आम्हाला येथे मान खाली घालावी लागते.

फाल्गुनात मोह फुलतो. झाडाखालची जमीन झाडून स्वच्छ केलेली दिसली, तर समजावे की हे झाड कोणाच्या तरी घरचे आहे आणि पहाटे त्याची फुले वेचायला कोणी येणार आहे. त्या फुलांवरून गाडी नेऊ नये. बाजारात भगर, मिरची घेताना दोन-पाच रुपयांसाठी घासाघीस करू नये. आणि चार शब्द त्यांच्या बोलीतले शिकावेत. येथे आईला ‘याहा’ म्हणतात; या डोंगरांची देवी याहा मोगी, म्हणजे मोगी आई. म्हातारीला ‘याहा’ म्हणून हाक मारून पाहा. रोममध्ये ‘बोंजोर्नो’ म्हटल्यावर दुकानदाराच्या चेहऱ्यावर जे उमटते, त्याहून अधिक काहीतरी येथे उमटते.

इतक्या सूचना कशासाठी, असे कोणाला वाटेल. गेल्या दहा-बारा वर्षांत मी या होळीत पाहुण्यांची संख्या वाढताना पाहिली आहे, आणि त्यांच्या हातातले कॅमेरेही. एका वर्षी होळी पेटण्याच्या क्षणी, कोठून तरी आलेल्या तरुणांच्या एका टोळक्याने पुढच्या रांगेत जागा अडवली. चित्रण नीट यावे म्हणून त्यांनी एका बुध्याला दंड धरून बाजूला सारले. तो काही बोलला नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी एवढेच सांगितले, की आज रात्री भांडायचे नसते, हाही नियमच आहे. त्या तरुणाला आपण काय केले हे कळलेही नाही. रोममध्ये त्याला कोणीतरी शिटी वाजवून हटकले असते. येथे त्याच्यापुढे एक नवस मुकाट्याने बाजूला झाला.

यात धोका कोणता? होळी बंद पडेल, असा नाही. ती चालूच राहील, पण हळूहळू कॅमेऱ्याकडे तोंड करून चालेल. जो नवस फेडण्यासाठी नाचत होता तो पाहुण्यांसाठी नाचू लागेल. ज्याच्या अंगावर नक्षी आहे पण पालनी नाही, असा माणूस पुढे उभा राहील, कारण छायाचित्रात दोघे सारखेच दिसतात. आणि मग खरा व्रतस्थ मागे, अंधारात सरकेल. त्या दिवशी आपण पाहायला गेलेली गोष्टच तेथे उरलेली नसेल. तिला घालवण्यात आपला वाटा असेल.

आपण वसईकरांना हे दुखणे परके नाही. नाताळच्या मध्यरात्री पवित्र मिस्सा चालू असताना हौशी पाहुणे कॅमेरे घेऊन मधल्या वाटेने फिरतात, ख्रिस्तशरीर स्वीकारायला निघालेल्या आपल्या आज्यांच्या लाल लुगड्याची छायाचित्रे टिपतात, गायनवृंदाकडे पाठ करून स्वतःची छबी काढून घेतात. आपल्या कपाळाला आठी पडते. ‘हे देऊळ आहे, प्रदर्शन नाही,’ असे आपण पुटपुटतो. तीच आठी सातपुड्यातल्या कपाळावर पडण्याचा हक्क आपण मान्य करायला हवा. आपण तेथे पूजा करायला जात नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करीत नाही. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मांतील सत्य व पवित्र गोष्टींविषयी आदराची जी भूमिका घेतली, ती प्रत्यक्षात कशी दिसते असे कोणी विचारले, तर मी म्हणेन: पहाटेच्या गारठ्यात, दहा पावले मागे, हात बांधून शांतपणे उभ्या असलेल्या माणसासारखी ती दिसते.

एक शेवटचा मुद्दा सांगून हे पत्रक पुरे करतो. होळी विझते, मेळादे संपतात, आणि त्यांतली बरीच कुटुंबे पुन्हा गाठोडी बांधतात. कोणी सुरतेकडे जाते, कोणी भरूचकडे, कोणी मुंबईच्या वाटेवरच्या बांधकामांवर. त्या वेळी पाहुणे ते असतात आणि यजमान आपण. त्यांच्या हाती कोणी चार पानांचे सूचनापत्रक देत नाही; कोठे उभे राहावे, कोठे बसू नये, पाणी कोठे मिळेल, हे त्यांना आपल्या ओरडण्यावरून शिकावे लागते. मोलगीच्या डोंगरात ज्याने आपल्याला खाट टाकून दिली, तोच माणूस उद्या आपल्या आवाराच्या भिंतीलगत विटा वाहताना दिसेल. काठीची होळी पाहून आलेल्या माणसाने त्याला ओळखावे. त्याला ‘आप’ म्हणावे आणि पाण्याचा तांब्या स्वतः पुढे करावा.